विशेषणाचा जोडीदार : इंग्रजी लेखन आणि मराठीचा आधार



या पुस्तिकेतील मागील घटकांत तुम्ही विभक्ती, सामान्यरूप आणि शब्दयोगी अव्यये यांचा अभ्यास केला. मराठीच्या अभ्यासक्रमात इंग्रजी विशेषणांचा विषय कशासाठी, असा प्रश्न हा लेख वाचताना तुमच्या मनात येईल. त्याचे उत्तर लेखाच्या ओघात मिळावे, अशी माझी अपेक्षा आहे. येथे मांडलेली मते माझी आहेत. ती सर्वांना मान्य होतीलच असे नाही; परंतु ती तुम्ही तपासून पाहावीत.

काही वर्षांपूर्वी डहाणू येथील एका संपर्कसत्रानंतर रानशेतचा एक विद्यार्थी माझ्याजवळ थांबला. वय तिशीच्या पुढे, घरी थोडी भातशेती, नोकरी बोईसरकडील एका कारखान्यात, आणि रविवारी अभ्यास. त्याने दुसऱ्या एका ठिकाणी वरच्या पदासाठी अर्ज केला होता व मुलाखतीला तो जाऊन आला होता. अर्जात आपल्या कामाचे वर्णन करताना त्याने इंग्रजीत लिहिले होते : ‘आय ॲम रिस्पॉन्सिबल फॉर द शिफ्ट सुपरवायझर.’ मुलाखत घेणाऱ्याने विचारले, “म्हणजे सुपरवायझर तुमच्या हाताखाली काम करतो का?” याने प्रामाणिकपणे सांगितले, “नाही साहेब, मी त्यांच्या हाताखाली आहे.” त्यावर प्रश्न आला, “मग तसे खोटे का लिहिले?” आपण काय खोटे लिहिले, हे त्याला तेथे कळले नाही आणि घरी आल्यावरही कळले नाही. निवड झाली नाही, याचे कारण ते एक वाक्यच होते असे मी म्हणणार नाही. पण एका साध्या माणसाच्या सचोटीवर संशय घेतला गेला आणि त्याला कारण ठरले तीन अक्षरांचे एक इंग्रजी अव्यय, हे मात्र खरे.

त्याला म्हणायचे होते, ‘मी पाळीच्या पर्यवेक्षकाला जबाबदार आहे.’ हे वाक्य मराठीत निर्दोष आहे. इंग्रजीत त्यासाठी ‘रिस्पॉन्सिबल टू’ हवे होते. “मग ‘फॉर’ कोठून आणलेस?” असे मी त्याला विचारले. त्याने एका मार्गदर्शक पुस्तकातील यादी दाखवली. तीत एका रकान्यात विशेषण व समोर अव्यय असे छापले होते. ‘रिस्पॉन्सिबल’च्या पुढे ‘फॉर’. त्याने ती यादी रात्री जागून पाठ केली होती. कष्टात तो कमी पडला नव्हता. त्याला शिकवण्याची रीत कमी पडली होती, असे माझे मत आहे आणि या लेखाचा विषय तोच आहे.

आता मराठीकडे पाहा. ‘या अपघाताला कोण जबाबदार?’ आणि ‘मंत्रिमंडळ लोकसभेला जबाबदार असते.’ दोन्ही वाक्यांत ‘ला’ हाच प्रत्यय आहे. पण नीट विचार केला तर संबंध दोन आहेत. पहिल्या वाक्यात ज्याचे उत्तर द्यायचे ती गोष्ट आहे. दुसऱ्यात ज्याला उत्तर द्यायचे तो अधिकारी आहे. मराठी हे दोन्ही संबंध एकाच प्रत्ययाने व्यक्त करते आणि संदर्भावरून आपण अर्थ ओळखतो. इंग्रजीत त्यांची दारे वेगळी : गोष्टीसाठी ‘फॉर’, अधिकाऱ्यासाठी ‘टू’. म्हणूनच भारतीय राज्यघटनेच्या अनुच्छेद ७५ च्या इंग्रजी पाठात मंत्रिपरिषद लोकसभेला जबाबदार असल्याचे सांगताना ‘रिस्पॉन्सिबल टू’ असा प्रयोग आहे. तेथे ‘फॉर’ घातले असते, तर लोकसभेच्या वर्तनाचा जाब मंत्र्यांना द्यावा लागला असता!

यावरून माझा पहिला मुद्दा स्पष्ट होईल. विशेषण आणि त्यासोबतचे अव्यय ही जोडी केवळ पाठांतराची बाब नाही. ती अर्थाची बाब आहे. एकाच विशेषणाला दोन किंवा तीन जोडीदार असू शकतात आणि प्रत्येकाबरोबर त्याचा अर्थ बदलतो. तुमच्याच परिसरातील उदाहरण घ्या. डहाणू तालुक्यातील गंजाडचे चित्रकार जिव्या सोमा म्हसे यांना २०११ मध्ये पद्मश्री मिळाली. त्यांच्याविषयी इंग्रजीत लिहिताना, ते वारली चित्रांसाठी प्रसिद्ध आहेत, येथे ‘नोन फॉर’ येईल. ते जगातील कलाप्रेमींना परिचित आहेत, येथे ‘नोन टू’. आणि ते वारली चित्रकार म्हणून ओळखले जातात, येथे ‘नोन ॲज’. मराठीने हे तीन संबंध ‘साठी’, ‘ना’ आणि ‘म्हणून’ अशा तीन निरनिराळ्या साधनांनी दाखवले आहेत. म्हणजे हा भेद तुम्हाला आधीपासून ठाऊक आहे. इंग्रजीतील त्याची खूण तेवढी नवी आहे.

दुसरा मुद्दा रचनेचा आहे. ‘प्रिपोझिशन’ या शब्दाला आपण शाळेपासून ‘शब्दयोगी अव्यय’ म्हणत आलो. दादोबा पांडुरंग तर्खडकरांचे ‘महाराष्ट्र भाषेचे व्याकरण’ १८३६ मध्ये प्रसिद्ध झाले. तेव्हापासून मराठी व्याकरणाचा इंग्रजी व्याकरणाशी संवाद चालू आहे आणि त्यातून आपल्याला अनेक उपयुक्त संज्ञा मिळाल्या. परंतु ही एक बरोबरी विद्यार्थ्याला चकवते. मराठी शब्दयोगी अव्यय नामाच्या मागून येते आणि त्याच्या सामान्यरूपाला चिकटते : ‘पावसावर’, ‘झाडाखाली’, ‘गावापासून’. इंग्रजीतील अव्यय नामाच्या आधी येते. ‘प्रिपोझिशन’ या नावातच ‘आधी ठेवलेले’ असा अर्थ आहे. या एका फरकाचा परिणाम फार मोठा आहे. ‘आमची शेती पावसावर अवलंबून आहे’ या वाक्यात ‘वर’ हा ‘पावसा’शी एकजीव झाला आहे, ‘अवलंबून’ त्याच्यापासून सुटा उभा आहे. म्हणून मराठी भाषकाला ‘वर’ हा पावसाचा वाटतो. इंग्रजीत मात्र ‘डिपेंडंट ऑन रेन’ असे लिहिताना ‘ऑन’ विशेषणाला लागून उभे राहते. तेथे ते विशेषणाचे सोबती आहे, हे डोळ्यांना दिसते.

वास्तविक मराठीतही प्रत्यय कोणता यावा, हे बहुधा विशेषणच ठरवते. पाऊस तोच, पण आपण ‘पावसावर अवलंबून’, ‘पावसाने त्रस्त’, ‘पावसासाठी आतुर’, ‘पावसाला अनुकूल’, ‘पावसापासून सुरक्षित’ असे म्हणतो. नाम बदलले नाही. विशेषण बदलले म्हणून प्रत्यय बदलला. ‘पावसावर त्रस्त’ असे कोणी म्हटले तर रानशेतमधील निरक्षर आजीबाईही त्याला हसतील. तिला हा नियम कोणी शिकवला नाही. तरीही तो तिच्याजवळ आहे. तुमच्याजवळही आहे. इंग्रजी शिकताना आपण रिकाम्या हाताने आलो आहोत, ही भावना प्रथम मनातून काढून टाका.

मग चुका का होतात? कारण हे ज्ञान आपण न तपासता तसेच पलीकडे नेतो. शिक्षक ‘माझ्यावर’ रागावतात, म्हणून आपण ‘अँग्री ऑन मी’ लिहितो. व्यक्तीवरील रागासाठी इंग्रजी ‘विथ’ वापरते. एखादी मुलगी ‘गणितात’ हुशार असते, म्हणून ‘गुड इन’ लिहिले जाते. तेथे ‘गुड ॲट’ हा शिष्ट प्रयोग आहे. लग्न कोणा‘शी’ तरी होते, म्हणून ‘मॅरीड विथ’ लिहिले जाते. तेथे ‘मॅरीड टू’ हवे. डहाणू-तलासरी हा तर सीमाभाग. कानांवर मराठीबरोबर गुजराती व हिंदीही पडत असते. हिंदीत वाघ‘से’ डरतात, गुजरातीत वाघ‘थी’ डरतात. त्यामुळे ‘अफ्रेड फ्रॉम’ हा प्रयोग येथील वह्यांत हमखास भेटतो. इंग्रजीत ते ‘अफ्रेड ऑफ’ आहे. या चुकांची मुळे शोधली म्हणजे लक्षात येते की, त्या अज्ञानातून आलेल्या नाहीत. त्या दुसऱ्या भाषेच्या पक्क्या ज्ञानातून आल्या आहेत.

मी हे अलिप्तपणे सांगत नाही. माझ्या प्रबंधाच्या पहिल्या मसुद्यात मी जागोजागी ‘सिमिलर विथ’ लिहिले होते. ‘च्याशी साम्य’ हे मनात इतके मुरलेले होते की, ते चुकीचे आहे अशी शंकाही आली नाही. माझ्या मार्गदर्शकांनी प्रत्येक ठिकाणी लाल वर्तुळ काढले आणि शेवटच्या पानावर एवढेच लिहिले : “मराठीत विचार करा, पण इंग्रजीत तपासा.” भाषाविज्ञानात संशोधन करणाऱ्यालाही ही वर्तुळे चुकली नाहीत. तुमच्या वहीत ती दिसली तर खजील होण्याचे कारण नाही.

आता मराठीचा आधार प्रत्यक्ष कसा घ्यावा ते पाहू. पुढील मराठी वाक्यांशांकडे लक्ष द्या : सापाची भीती, मुलीचा अभिमान, गाण्याची आवड, हक्काची जाणीव, चुकीची लाज, प्रवासाचा कंटाळा, शेजाऱ्याचा हेवा, यशाची खात्री. आपण हे भाव बहुधा नामाने व्यक्त करतो आणि संबंध चा-ची-चे या षष्ठीच्या प्रत्ययांनी दाखवतो. इंग्रजी हेच भाव विशेषणाने व्यक्त करते आणि सोबत ‘ऑफ’ घेते : ‘अफ्रेड ऑफ’, ‘प्राउड ऑफ’, ‘फाँड ऑफ’, ‘अवेअर ऑफ’, ‘अशेम्ड ऑफ’, ‘टायर्ड ऑफ’, ‘जेलस ऑफ’, ‘शुअर ऑफ’. आठ वेगळी कलमे पाठ करण्याऐवजी एक सूत्र हाती आले : मराठीत ‘मला अमक्याची’ अशी रचना असेल, तर इंग्रजीत ‘ऑफ’ची शक्यता प्रथम तपासावी.

मी ‘तपासावी’ म्हटले, ‘लिहावे’ म्हटले नाही. कारण याला अपवाद आहेत. थंडीची ‘सवय’ असते, पण इंग्रजीत ‘यूज्ड टू’ किंवा ‘अकस्टम्ड टू’ येते. आईची ‘काळजी’ वाटते, पण ‘वरीड अबाउट’ येते. परिसराची ‘माहिती’ असते, पण ‘फॅमिलिअर विथ’ येते. या शेवटच्या शब्दात आणखी एक खाच आहे. ‘मी या परिसराशी परिचित आहे’ येथे ‘फॅमिलिअर विथ’. ‘हा परिसर मला परिचित आहे’ येथे ‘फॅमिलिअर टू’. ‘शी’ आणि ‘ला’ यांचा फरक मराठीतही आहे, हे तुमच्या ध्यानात आलेच असेल.

म्हणून माझी सूचना अशी की, इंग्रजी जोड्यांची वर्णानुक्रमे यादी करू नका. वहीत दोन भाग करा. पहिल्या भागात मराठीशी जुळणाऱ्या जोड्या : ‘डिपेंडंट ऑन’ म्हणजे ‘वर अवलंबून’, ‘फेमस फॉर’ म्हणजे ‘साठी प्रसिद्ध’, ‘फ्री फ्रॉम’ म्हणजे ‘पासून मुक्त’, ‘इंटरेस्टेड इन’ म्हणजे ‘त रस असणारा’. यांना फारसे श्रम लागत नाहीत. दुसऱ्या भागात न जुळणाऱ्या जोड्या : ‘रिच इन’ म्हणजे ‘ने समृद्ध’, ‘अँग्री विथ’ म्हणजे ‘वर रागावलेला’, ‘मॅरीड टू’ म्हणजे ‘शी विवाहित’. सारे श्रम या दुसऱ्या भागासाठी राखून ठेवा. ‘डिपेंडंट ऑन’ पहिल्या भागात लिहिले, तरी त्याचा विरुद्धार्थी शब्द दुसऱ्या भागात जाईल, कारण तेथे ‘इंडिपेंडंट ऑफ’ असे होते. प्रत्येक जोडी एका पूर्ण वाक्यात लिहा आणि ते वाक्य आपल्या जगण्यातले असू द्या : घोलवडचे चिकू, चारोटीचा नाका, महालक्ष्मीची यात्रा, आपली नोकरी, आपली मुले.

काही जोड्यांमागे इतिहास असतो. तो कळला की जोडी विसरत नाही. ‘सुपीरिअर’, ‘इन्फीरिअर’, ‘सीनिअर’, ‘ज्युनिअर’ हे शब्द लॅटिनमधून आले. ते मुळातच तुलनावाचक आहेत. म्हणून त्यांच्यापुढे तुलनेचे ‘दॅन’ येत नाही, ‘टू’ येते. मराठी भाषक ‘पेक्षा’ म्हणतो आणि ‘सीनिअर दॅन मी’ लिहून मोकळा होतो. आपल्याकडेही असे शब्द आहेत. संस्कृतमध्ये ‘श्रेष्ठ’ म्हणजेच सर्वांत उत्तम. मराठी ते विसरली. म्हणून आपण ‘त्याच्यापेक्षा श्रेष्ठ’ म्हणतो आणि ‘सर्वश्रेष्ठ’ही म्हणतो. इंग्रजीने आपल्या लॅटिन पाहुण्यांची चाल मोडली नाही. मराठीने संस्कृत शब्द आपल्या चालीत वळवून घेतले. यात एक बरोबर व दुसरे चूक असे काही नाही. प्रत्येक भाषेची रीत वेगळी असते आणि लेखकाने ती पाळायची असते.

लेखनात आणखी दोन ठिकाणी सावध राहावे. एक, अव्ययानंतर क्रियापद आले तर त्याचे ‘इंग’ प्रत्ययान्त रूप येते. ‘हे काम करण्यास समर्थ’ यासाठी इंग्रजीत दोन रचना आहेत : ‘एबल टू डू’ आणि ‘केपेबल ऑफ डूइंग’. मराठीत दोन्हींसाठी ‘करण्यास’ असल्याने त्यांची सरमिसळ होते. शिवाय ‘टू’ हे प्रत्येक वेळी क्रियापदाचे चिन्ह नसते. ‘आय ॲम यूज्ड टू गेटिंग अप अर्ली’ म्हणजे मला पहाटे उठण्याची सवय आहे. ‘आय यूज्ड टू गेट अप अर्ली’ म्हणजे मी पूर्वी पहाटे उठत असे. अर्जात या दोहोंची अदलाबदल झाली, तर आजची सवय कालची होऊन बसते. दोन, दोन विशेषणे एकत्र जोडताना प्रत्येकाचा जोडीदार वेगळा असेल तर दोन्ही लिहावे लागतात : ‘फॅमिलिअर विथ अँड इंटरेस्टेड इन’. ही शिस्त मराठीलाही लागू आहे. ‘मला या कामाची आवड व प्रावीण्य आहे’ हे वाक्य ढिले आहे. आवड ‘कामाची’ असते, प्रावीण्य ‘कामात’ असते. म्हणून ‘मला या कामाची आवड आहे व त्यात प्रावीण्यही आहे’ असे लिहावे. इंग्रजीची ही शिस्त लागली की मराठी लेखनही सुधारते. मराठीच्या अभ्यासक्रमात हा विषय का, याचे एक उत्तर येथे मिळते.

आता दोन आक्षेपांचा विचार करू. काही सहकारी म्हणतात की, अर्थ कळला म्हणजे झाले. एवढ्या बारीक गोष्टींचा आग्रह कशाला? बोलण्यापुरते मला हे मान्य आहे. समोर माणूस असतो, तो विचारू शकतो, आपण सावरून घेऊ शकतो. लेखन मात्र आपल्यामागे एकटे जाते. अर्ज टेबलावर पडतो, तेव्हा तुम्ही तेथे नसता. शिवाय, ‘रिस्पॉन्सिबल फॉर’च्या उदाहरणात अर्थ कळला नव्हता, उलटा अर्थ कळला होता. दुसरा आक्षेप याच्या विरुद्ध टोकाचा. ज्याला साधे अव्यय जमत नाही, त्याची योग्यता काय, असे काहीजण मानतात. हे मत मला अन्यायाचे वाटते. इंग्रजांच्या घरीही या बाबतीत एकवाक्यता नाही. ‘डिफरंट’पुढे ‘फ्रॉम’ सर्वत्र चालते, पण ब्रिटनमध्ये ‘टू’ आणि अमेरिकेत ‘दॅन’ हेही ऐकू येते. आपण लेखनात ‘फ्रॉम’ वापरावे, कारण ते कोठेही खटकत नाही. परंतु ज्या गोष्टीत मूळ भाषकांतच मतभेद आहेत, तिच्यावरून माणसाची बुद्धी किंवा सचोटी मोजू नये. अव्यय तपासावे, माणसाला अव्ययाने तपासू नये.

महाराष्ट्रात २००० सालापासून पहिलीच्या वर्गात इंग्रजी आले. त्यापूर्वी शाळेत असलेल्या तुमच्यापैकी अनेकांनी पाचवीत एबीसी गिरवली. काहींच्या घरची बोली वारली, काहींची आणखी वेगळी. त्यांच्यासाठी प्रमाण मराठी हीच शाळेत भेटलेली पहिली नवी भाषा होती. अशा विद्यार्थ्याला इंग्रजी ही तिसरी पायरी आहे. याच तालुक्यात कोसबाडच्या टेकडीवर ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी आदिवासी मुलांसाठी शिक्षणाचे काम केले. गुरे राखणारी मुले शाळेत येऊ शकत नाहीत, हे पाहून शाळाच कुरणावर नेली गेली. मुलाजवळ जे आहे तेथून शिक्षण सुरू करायचे, हा त्यामागील विचार होता. प्रौढ विद्यार्थ्याच्या इंग्रजीलाही तोच विचार लागू पडतो, असे मी मानतो. त्याच्याजवळ त्याची भाषा आहे. शिक्षकाने तेथवर चालत जावे.

म्हणून या लेखाच्या शेवटी एकच कृती देतो. ‘भीती’, ‘राग’, ‘सवय’, ‘अभिमान’, ‘जबाबदार’, ‘परिचित’ हे सहा शब्द घ्या. प्रत्येकाचे एक वाक्य घरच्या बोलीत लिहा, एक प्रमाण मराठीत, एक इंग्रजीत. तिन्ही वाक्यांत संबंध दाखवणाऱ्या शब्दाखाली किंवा प्रत्ययाखाली रेघ ओढा. रेघा कोठे जुळतात व कोठे जुळत नाहीत, त्याची नोंद करा. पुढील संपर्कसत्राला वही सोबत आणा. ‘जबाबदार’ या शब्दाची दोन वाक्ये लिहा : तुम्ही कशाला जबाबदार आहात, आणि कोणाला.

रानशेतच्या त्या विद्यार्थ्याने ती दोन वाक्ये माझ्यासमोर बसून लिहिली. पहिल्यात त्याने दोन यंत्रांची नावे घातली, दुसऱ्यात सुपरवायझरचे. दोन्ही बरोबर होती. नंतर त्याने जुन्या अर्जाची प्रत काढली, ‘फॉर’ खोडले, वर ‘टू’ लिहिले आणि प्रत घडी करून पुन्हा पिशवीत ठेवली.